घरच्या अंगणात रॅलीक्रॉसची गाडी : ऑल्टो, एस्टीम, जुनी स्विफ्ट की जिप्सी?

सांगली किंवा सातारा जिल्ह्यात राहून मातीवरच्या शर्यतीसाठी घरच्या घरी मोटार तयार करू इच्छिणाऱ्याला निवडीला फार वाव नसतो. परवडणारी किंमत, तालुक्याच्या गावीही मिळणारे सुटे भाग आणि कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला उघडता येईल असे इंजिन या तीन अटी लावल्या की यादीत मुख्यतः मारुतीच्या चार गाड्या उरतात : ऑल्टो के १०, एस्टीम, २००५ ते २०१० या काळातली १.३ लिटरची पेट्रोल स्विफ्ट आणि जिप्सी. या चौघींची तुलना बहुतेक जण अश्वशक्तीपासून सुरू करतात. माझ्या मते ती पत्र्यापासून सुरू करावी. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्सही बदलता येतो. परंतु ज्या पत्र्यावर रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याचे, पाय उभे राहायचे तोच गंजाने खाल्लेला असेल, तर पुढचा सगळा खर्च मातीत जातो.

आधी स्पर्धा ठरवावी

रॅलीक्रॉसची सुरुवात १९६७ साली इंग्लंडमधील लिडन हिल येथे झाली. काही भाग डांबरी व काही मातीचा असलेला आखूड बंदिस्त मार्ग आणि त्यावर एकाच वेळी सोडलेल्या अनेक गाड्या, हे त्याचे मूळ स्वरूप आजही कायम असून २०१४ मध्ये एफआयए या जागतिक मोटार क्रीडा संघटनेची अजिंक्यपद मालिकाही सुरू झाली. आपल्याकडील हौशी स्पर्धकाला मात्र ऑटोक्रॉस आणि रॅली स्प्रिंट हे प्रकार अधिक सहज मिळतात. त्यांत साधारणपणे गाडी एकेकटी सुटते आणि लागलेल्या वेळेवरून क्रमांक ठरतो.

हा फरक केवळ स्वरूपाचा नाही. शेजारून दुसरी गाडी घासत जाणार असेल तर केजच्या दारातल्या आडव्या पट्ट्या, खिडकीची जाळी आणि रेडिएटरपुढचे संरक्षण यांवर आधी पैसे घालावे लागतात. एकट्याने धावायचे असेल तर तेच पैसे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि टायरवर आधी घालता येतात. तिसरा प्रकार टप्प्याटप्प्यांच्या पूर्ण रॅलीचा. तिच्यात दोन टप्प्यांमधले अंतर सार्वजनिक रस्त्यावरून कापायचे असल्यामुळे गाडीची नोंदणी आणि विमा जिवंत असावा लागतो, आणि त्यामुळे मुदत संपलेली स्वस्त गाडी तेथे उपयोगी पडत नाही.

भारतात मोटार क्रीडेचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते. स्पर्धकाला तिचा परवाना काढावा लागतो, आणि प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र नियमपत्रिका निघते. ज्या स्पर्धेत उतरण्याचा विचार आहे तिची मागच्या वर्षीची पत्रिका मिळवून तीतले वर्ग वाचल्याशिवाय गाडीचा बयाणा देऊ नये, कारण इंजिनाच्या आकारमानानुसार वर्ग पडतात आणि दोन-चारशे सीसीच्या फरकाने तुमची गाडी भलत्याच गाड्यांच्या पंक्तीत जाऊन बसू शकते.

चार गाड्या, समोरासमोर

एस्टीम, जुनी स्विफ्ट आणि जिप्सी किंग या तिघींत एकाच घराण्याचे १२९८ सीसीचे जी १३ इंजिन आहे. सोळा व्हॉल्व्हच्या आवृत्तीत त्याची अश्वशक्ती एस्टीममध्ये सुमारे ८५, स्विफ्टमध्ये ८७ आणि २००० नंतरच्या जिप्सीत ८० आहे. वजने पाहिली तर एस्टीम पावणेनऊशे किलोच्या आसपास, जिप्सी हजाराच्या थोडी अलीकडे आणि स्विफ्ट हजाराच्या थोडी पलीकडे. ऑल्टो के १० चे ९९८ सीसीचे इंजिन सुमारे ६७ अश्वशक्ती देते, पण पहिल्या पिढीची ही गाडी जेमतेम सव्वासातशे किलोंची आहे. म्हणजे टनामागे अश्वशक्तीचा हिशेब केला तर एस्टीम पहिली, ऑल्टो तिच्या पाठोपाठ, नंतर स्विफ्ट आणि शेवटी जिप्सी असा क्रम लागतो.

कागदावरचा हा क्रम केज बसला की बदलतो. ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या नळीचे वजन मीटरला सुमारे २.६ किलो भरते, तर ३८ मिलिमीटर व्यासाच्या तेवढ्याच जाडीच्या नळीचे सुमारे २.२ किलो. मुख्य कमान, पुढच्या कमानी, मागचे तिरके आधार, कर्णरेषा आणि दारातल्या पट्ट्या धरून पंचवीस मीटर नळी सहज लागते, म्हणजे साठ किलोंच्या आसपास वजन वाढते. स्विफ्टमधून मागचे आसन, गालिचा, दारांची अस्तरे, स्पीकर आणि आवाज रोखणारे डांबरी तक्ते निघाले की त्यातले बरेचसे वजन फिटते. ऑल्टोमध्ये काढण्यासारखे मुळातच थोडे असते, त्यामुळे केजचे वजन तिला जास्त जाणवते, आणि तिचा हलकेपणा हाच तर तिचा मुख्य गुण असतो.

ऑल्टोच्या बाजूने बोलायचे तर ती सर्वांत स्वस्त आहे, तिचे सुटे भाग अक्षरशः किराणा मालासारखे मिळतात आणि नवशिक्याला ब्रेक, क्लच व वजनाची फेकाफेक शिकवायला तिच्याइतकी क्षमाशील गाडी दुसरी नाही. अडचण चाकांची आहे. तेरा इंची लहान चाके आणि आखूड सस्पेन्शन यांमुळे जत-आटपाडीकडच्या उघड्या माळावर, जेथे मुरुमातून दगडाची डोकी वर आलेली असतात, तेथे गाडी धावण्यापेक्षा उड्याच जास्त मारते. सपाट केलेल्या मैदानावरच्या ऑटोक्रॉससाठी ती उत्तम. त्यापुढे तिची मर्यादा लवकर दिसते.

एस्टीम ही जाणकारांची आवडती गाडी आहे आणि ते प्रेम अनाठायी नाही. वजन कमी, इंजिन फिरायला उत्सुक, आणि मागची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्यामुळे खडबडीत वळणावर मागचा भाग जमीन सोडत नाही. स्विफ्टला मागे दोन्ही चाके जोडणारी टॉर्शन बीम आहे, म्हणजे एका चाकाचा दणका काही प्रमाणात दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. तरीही मी आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला एस्टीम सुचवणार नाही, कारण २००७ च्या सुमारास तिचे उत्पादन संपले आणि आता बाजारात येणाऱ्या गाड्यांचे तळ, सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) आणि मागच्या स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीचे) वरचे माथे बहुधा गंजलेले असतात. कोणाच्या गोठ्याशेजारी कोरड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली एखादी गाडी सापडलीच, तर मात्र मागेपुढे पाहू नये.

जिप्सीचा मोह सगळ्यांना होतो. पोलिसांनी आणि लष्कराने वापरलेली, चारही चाकांना ताकद देणारी, हिमालयातल्या रॅलींत नाव कमावलेली ही गाडी मातीवरच्या शर्यतीला जन्मतःच योग्य वाटते. पण रॅलीक्रॉससारख्या आखूड, वळणावळणाच्या मार्गावर तिचे तीन दोष ठळकपणे समोर येतात. तिचा गुरुत्वमध्य उंच आहे आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवलेले आहेत, त्यामुळे झटपट दिशा बदलताना ती डुलते. तिच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये मधला डिफरेन्शियल नाही. वळणात पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, सैल मातीवर हा फरक चाके घसरून भरून निघतो, परंतु डांबरी पट्ट्यावर तो सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो आणि गाडी वळायला नकार देते. तिसरा दोष किमतीचा. २०१९ मध्ये उत्पादन थांबल्यापासून हौशी लोकांनी तिचा भाव एवढा चढवून ठेवला आहे की जिप्सीच्या पैशांत स्विफ्टची गाडी, केज आणि सुट्या चाकांचा एक संच होऊ शकतो. पुढे लांब पल्ल्याच्या रॅलीत जायचा पक्का निश्चय असेल तरच जिप्सी घ्यावी, आणि घेताना रुंद ट्रॅकचीच, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत अंतर जास्त असलेलीच घ्यावी.

डिझेल स्विफ्ट आपल्याकडे गल्लोगल्ली उभी दिसते आणि तिचा ओढा नक्कीच जास्त आहे. पण पुढच्या चाकांवर येणारे जादा वजन मुरुमावर वळताना नडते, शिवाय धुळीत टर्बोचे आयुष्य सांभाळणे हा एक निराळाच उद्योग होऊन बसतो. तिचा विचार पहिल्या गाडीसाठी करू नये.

राहिली पेट्रोल स्विफ्ट. चौदा इंची चाके, १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, एस्टीमपेक्षा अलीकडची आणि ताठ बॉडी, आणि मुख्य म्हणजे निवड करता येईल इतक्या गाड्या बाजारात. तिच्यात थक्क करणारे असे काहीच नाही, आणि पहिल्या गाडीत ते नसलेलेच बरे.

सांगलीत गाडी पाहताना

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या पाण्यात अनेक दिवस बुडालेल्या गाड्या धुऊन, रंगवून, गावोगाव विकल्या गेल्या आणि आजही फिरत आहेत. रोजच्या वापराला अशी गाडी कदाचित चालून जाईल, परंतु शर्यतीसाठी ती सर्वांत वाईट, कारण पुराचा गाळ नेमका सिलच्या पोकळीत साचतो आणि केजचे पाय तेथेच टेकतात. पाहणी करताना चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा; रिळाच्या आतल्या बाजूला, जेथे धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही, तेथे पट्ट्यावर पिवळसर रेघ किंवा वाळलेला गाळ सापडतो. त्यानंतर दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी उचलून गालिच्याखाली हात घालावा आणि सिलवर खालून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. टणक पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, लांबी (पुट्टी) भरलेल्या किंवा गंजलेल्या जागी तो बोदा होतो. मालक ठोकू देत नसेल, तर तेवढ्यावरून काय ते समजावे.

या कारणासाठी माण, खटाव, जत अशा कोरड्या तालुक्यांतल्या गाड्या मला नदीकाठच्या गाड्यांपेक्षा अधिक भरवशाच्या वाटतात, मग रंग कितीही उडालेला असो. महाबळेश्वर किंवा कोयनेच्या पट्ट्यातली गाडी घेताना मात्र पुरातली गाडी पाहावी तशीच कसून पाहावी, कारण तेथला पाऊस पत्र्याला सोडत नाही.

केज : बोल्टचा की वेल्डचा, आणि कोणाकडून

बोल्टने बसवायचा तयार केज आणि गाडीतच वेल्ड करून उभारलेला केज, असे दोन पर्याय आहेत. पहिला घरी बसवता येतो, पुढे काढून दुसऱ्या तशाच गाडीत लावता येतो आणि वेल्डरच्या हातावर अवलंबून राहावे लागत नाही. दुसरा बॉडीशी एकजीव होतो, छताला व खांबांना चिकटून जातो, त्यामुळे डोक्याला जागा जास्त मिळते आणि गाडीची ताठरताही वाढते. एकट्याने धावायच्या ऑटोक्रॉससाठी चांगला बोल्टचा केज पुरेसा आहे. गाड्या एकमेकींना भिडणार असतील तर मी वेल्डचाच निवडीन.

एफआयएच्या नियमावलीतील ‘जोडपत्र जे’ (अपेंडिक्स जे) मधील कलम २५३ हा येथे आधार मानावा. मुख्य कमानीसाठी ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटरची, इतर भागांसाठी ३८ × २.५ किंवा ४० × २ मिलिमीटरची, कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, सांधा नसलेली) कार्बन पोलादाची नळी त्यात सांगितली आहे. वाकवताना वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी आणि काम थंडच व्हायला हवे, गॅसने तापवून नव्हे. बोल्टच्या केजच्या मुख्य व पुढच्या कमानींच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि ८.८ दर्जाचे किमान तीन एम ८ (आठ मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट लागतात.

आता प्रश्न येतो तो हे काम करणाऱ्याचा. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डर पिढीजात कसबी आहेत आणि जाड अँगलला त्यांनी मारलेला टाका तुटत नाही. परंतु ट्रॉलीचा अँगल आणि मोटारीचा एक मिलिमीटरहूनही पातळ पत्रा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ट्रॉलीच्या सवयीने आर्क चालवली तर पत्र्याला भोक पडते आणि मग ते बुजवण्यासाठी टाक्यावर टाका चढत जातो. सीओटू वेल्डिंग असलेला आणि आधी टाकाऊ दारावर दोन-तीन इंचाचे तुकडे जोडून दाखवायला तयार असलेला कारागीर शोधावा. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत असे हात आहेत, सातारा आणि कऱ्हाडकडेही आहेत. त्यांचा वेळ मिळवणे हेच खरे अवघड.

नळी वाकवण्याबाबत तर अजिबात तडजोड नको. ग्रिलवाल्यांच्या आणि सायलेन्सरवाल्यांच्या यंत्रांवर नळी वळणात चेपते. वाकवलेली नळी ताब्यात घेण्यापूर्वी वळणाच्या मध्यावर व्हर्नियर दोन दिशांनी लावून पाहावा : समजा एका दिशेने ४६.५ मिलिमीटर भरले आणि काटकोनातल्या दुसऱ्या दिशेने ४०.५, तर लहान मापाला मोठ्याने भागून ०.८७ येते. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले की ती नळी नाकारायची, मग कारागीर कितीही जुन्या ओळखीचा असला तरी.

घरी काय करावे, बाहेर काय द्यावे

आतले सामान काढणे, डांबरी तक्ते हीट गनने तापवून खरवडणे, ब्रेकचे सिलिंडर व होज बदलून डॉट ४ तेल भरणे, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बुश बदलणे ही कामे अंगणातच करावीत. पैशांची बचत तर होतेच, शिवाय शर्यतीच्या दिवशी काही निखळले तर हात आपोआप योग्य जागी जातो. त्यासाठी कोबा केलेली सपाट जागा आणि चार चांगले स्टँड हवेत. दगडावर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. केजची वाकवणी व शेवटचे वेल्डिंग, हेडचे मशिनिंग आणि व्हील अलाइनमेंट ही कामे बाहेर द्यावीत. पावसाळ्यात वेल्डिंग केले तर उघड्या सांध्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा, नाहीतर सकाळपर्यंत तांबूस थर आलेला असतो.

इंजिनाच्या ऑइल चेंबरखालच्या गार्डसाठी तीन मिलिमीटरचे लोखंड आणि सहा मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियम यांत बहुतेक जण सवयीने लोखंड घेतात. चौरस मीटरला लोखंड सुमारे साडेतेवीस किलो भरते, तर दुप्पट जाडीचे अ‍ॅल्युमिनियम सव्वासोळा; शिवाय अ‍ॅल्युमिनियम दगडावरून घसरते आणि लोखंड चेपून चेंबरला टेकते. जादा पैसे येथे जरूर घालावेत. उलट, स्प्रिंगखाली स्पेसर टाकून गाडी भरमसाट उचलण्यावर एक रुपयाही घालू नये, कारण ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, जॉइंटचा रबरी बूट फाटतो, मुरूम आत जातो आणि वळणावर कटकट सुरू होते.

बॅटरीच्या मुख्य स्विचची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात दोन टोकांचा कट-ऑफ स्विच स्वस्तात मिळतो आणि तो बॅटरी तोडतोही. पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवत राहतो आणि उलटलेल्या गाडीत इंजिन सुरूच राहते. शर्यतीसाठी सहा टोकांचा स्विच घ्यावा, जो इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरची शिल्लक वीज रेझिस्टरमधून उतरवतो. तो बसवल्यावर गाडी चालू ठेवून, दिवे लावून स्विच ओढून पाहावा. इंजिन बंद पडले नाही तर जोडणी चुकली आहे.

हार्नेस (चालकाला आसनाशी बांधणारे शर्यतीचे पट्टे) आणि आसन जुने घेण्याचा मोह टाळावा, कारण एफआयए मान्यतेच्या पट्ट्यांवर मुदतीचे वर्ष छापलेले असते आणि ते उलटले की तपासणीत गाडी परत पाठवली जाते. खांद्याचे पट्टे आसनाच्या मागे आडव्या रेषेपेक्षा ४५ अंशांहून जास्त खाली जाऊ नयेत, आणि शक्यतो दहाच्या आतच राहावेत. मागच्या सीटच्या जुन्या बेल्टच्या बोल्टला ते बांधले आणि कोन फार खाली गेला, तर अपघातात पाठीचा कणा दाबला जाऊ शकतो.

कागदपत्रे आणि सरावाची जागा

एमएच १०, एमएच ११ किंवा एमएच ५०, पाटी कोणतीही असली तरी कायदा एकच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधिक ठामपणे सांगितले. मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या विम्यातही शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. म्हणून एकाच गाडीने आठवडाभर कामावर जायचे आणि रविवारी शर्यत खेळायची, हा पर्याय केज बसल्याक्षणी संपतो. गाडी फ्लॅटबेडवरूनच न्यावी लागेल आणि त्या भाड्याचा हिशेब पहिल्या दिवशीच अंदाजपत्रकात धरावा लागेल. लांबीने सर्वांत आखूड असलेली ऑल्टो येथे पुन्हा थोडी सोयीची ठरते.

सरावासाठी यवतेश्वरचा किंवा दुसरा कोणताही घाट कितीही खुणावत असला तरी सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. खाजगी माळरान मालकाच्या लेखी संमतीने वापरावे. गायरान असेल तर ते मोकळे दिसते म्हणून आपले समजू नये. विटा-खानापूरच्या पठारावरचा मुरूम सरावाला फार चांगला, कारण तो पकडही देतो आणि घसरूही देतो. नदीकाठची काळी जमीन कोरडी असताना पिठासारखी धूळ उडवते, ती एअर फिल्टरच्या डब्याच्या सांध्यातून आत शिरते आणि इंजिनाचे बोअर घासून काढते. पाऊस पडला की हीच माती चाकाच्या कमानीत इतकी भरते की चाक फिरेनासे होते. फिल्टरच्या डब्याच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ फिरवावी आणि सराव संपल्यावर झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली तर पुढच्या फेरीआधी तो सांधा बंद करायचा.